मालवणात कायमचं राहायला जावं का? तिथे राहणाऱ्यांनी खरं काय ते सांगा

वरणभात | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. निवृत्ती तोंडावर आलीय. मुलगी बंगळुरूला, तिचं तिथे छान चाललंय. ठाण्याचा फ्लॅट भाड्याने द्यावा आणि मालवणात बारकंसं घर घेऊन राहावं असं आम्हा दोघांच्या डोक्यात घोळतंय. सौ.चं आजोळ मालवणजवळच्या कट्टा गावचं, म्हणजे मुलूख अगदीच परका नाही. पण आजवर गेलो ते गणपतीत नाहीतर मे महिन्यात, आणि तेही पाहुणे म्हणून. विहिरीचा पंप जळलाय, हे पाहुण्याला कोण कशाला सांगेल?

यूट्यूबवर बघावं तर सगळीकडे कौलारू घर, झोपाळा आणि ताटात तळलेली सुरमई. ते ठाऊक आहे. पाणी, वीज, दवाखाना, शेजार आणि पर्यटक नसतात तेव्हाचं गाव, यावर सांगा. "अमुक प्लॉट आहे, समुद्रापासून दोन मिनिटं" असले निरोप कृपया पाठवू नका, एजंट आधीच मागे लागलेत.

दांडीचो_दर्यो | शनिवार, रात्री ९:५२

येवा, कोकण आपलोच आसा! पण काका, येताना लोखंडी कपाट आणू नका. बाकी सावकाश लिहितो, आता होडी ओढायला चाललोय.

तिरफळ | शनिवार, रात्री ११:०५

मी लग्न होऊन दादरहून मालवणात आले, मुलं इथल्याच शाळेत शिकली. जमेल तेवढं सांगते.

इथे घड्याळ आणि कॅलेंडर दोन्ही समुद्राच्या ताब्यात असतात, तुमचा मासेमारीशी काडीचा संबंध नसला तरी. सासूबाई सकाळी उठल्या की आधी तिथी विचारायच्या. मला वाटे उपासतापासासाठी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे साडेचारच्या सुमाराला भरती पूर्ण आणि पुढे सहा तासांनी सुकती (ओहोटी). अर्धा तास इकडेतिकडे धरायचा. आजही आमच्याकडे गच्चीवर मिरच्या वाळत घालायच्या की नाहीत हे हवामान खातं ठरवतं, पण किनाऱ्यावर फिरायला कधी जायचं ते कालनिर्णय.

अवसेला नि पुनवेला पाणी जास्त चढतं तसं जास्त उतरतंही. त्या दिवशी पहाटे खडक उघडे पडतात आणि बायका कालवं काढायला निघतात. कालवांचा भाव ऐकून कपाळाला आठ्या घालणाऱ्यांनी एकदा शेजारी उकिडवं बसून बघावं. खडकाला चिकटलेलं कवच, त्यावर नेमका एक टोला, टोकाने वरचं झाकण उचकटायचं, आत नखाएवढं मांस. ते डब्यात. मग पुढचं. लाट आली की उठायचं, गेली की परत बसायचं. वाटीभर होईपर्यंत बोटं दोन-तीन ठिकाणी कापलेली असतात, आणि त्यावर खारं पाणी. आठ-नऊ वाजता यांच्यातलीच कोणीतरी तुमच्या दारात उभी राहील. घासाघीस करू नका.

आता मासे. "रोज ताजं" हे वर्षभराचं नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना राज्यात बंदी असते. हा माशांच्या विणीचा काळ, आणि समुद्रही खवळलेला. त्या दिवसांत खाडीतलं काहीबाही, नाहीतर सुका बांगडा, गोलमो, कुळथाची पिठी नि उकड्या तांदळाची पेज. सगळं वसूल होतं नारळी पौर्णिमेनंतर. बांगडा यायला लागला की चार महिने घरात तिरफळांचा वास. इसवण नि सरंगा मात्र सीझनमध्ये हॉटेलवाले लिलावातच उचलतात, त्यामुळे आम्ही गाववाले पेडवे, मुडदुशा, लेप यांच्यावर खूश. खरं तर चवीला तेच बरे.

पावसाबद्दल उद्या लिहिते, तो एका परिच्छेदात मावणारा नाही.

परत_पुण्यात | रविवार, सकाळी ८:२०

मी घर केलं, राहिलो आणि परतलो. कोणावर राग नाही, पण दुसरी बाजूही यायला हवी म्हणून लिहितो.

गंज. यावर कोणी बोलत नाही. किनाऱ्यापासून चारशे-पाचशे मीटरच्या आत घर असेल तर वाऱ्यातून मीठ येतं आणि ते सगळीकडे बसतं. खिडकीचे गज, बिजागऱ्या, गॅसची शेगडी, फ्रिजच्या मागची जाळी, एसीचं बाहेरचं युनिट, मोटारसायकलची चेन. कुलूप तर रोज उघडलं नाही तर उघडतच नाही. स्टीलवर विश्वास ठेवू नका, दुकानात मिळणाऱ्या नेहमीच्या ३०४ स्टीललाही वर्षभरात तांबूस डाग पडतात, ३१६ घ्यावं लागतं आणि ते महाग. सागवान, पितळ, जाड अ‍ॅल्युमिनियम टिकतं. गिलाव्यात खाडीची वाळू वापरली असेल तर भिंतीला दर पावसाळ्यात पांढरं फूल येतं, वरून कितीही भारी रंग मारा. घर घेताना भिंतीला तळहात लावून बघा, जुलैत.

दुसरं, दवाखाना. साध्या दुखण्याला गावात चांगले डॉक्टर आहेत, अगदी घरी येऊन बघणारे. पण रात्री छातीत कळ आली तर? ओरोसचं जिल्हा रुग्णालय तीसेक किलोमीटर, तिथे आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे. तरी मोठं काही झालं की आख्खा सिंधुदुर्ग बघतो तो बांबोळीकडे, गोवा मेडिकल कॉलेजकडे. म्हणजे शंभरहून जास्त किलोमीटर, राज्याची हद्द ओलांडून. २०१८ पासून तिथे गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्कही लागतं. माझ्या आईच्या वेळी आम्ही मध्यरात्री तो रस्ता केला. ती बरी झाली, पण त्यानंतर बायको तिथे राहायला तयार होईना. आमच्या परतण्याचं खरं कारण हे, समुद्र नव्हे.

वरणभात, तुमचं वय आणि तब्येत तुम्ही लिहिलेली नाही. ती सगळ्यात आधी मांडा.

सातबारा | रविवार, सकाळी १०:१५

कागदपत्रांचं काम करतो, जिल्हा हाच. थोडक्यात:

शेतजमीन घ्यायची तर तुम्ही शेतकरी असल्याचा दाखला लागतो. नगर परिषद हद्दीत बिनशेती प्लॉट किंवा तयार घर घेत असाल तर तो प्रश्न नाही. सातबाऱ्यावर किती नावं आहेत ते मोजा. आमच्याकडे एका गुंठ्याला पंधरा वारस, त्यातले चार मुंबईत, एक दुबईत आणि एकाचा पत्ताच नाही, हे अगदी नेहमीचं. "सगळ्यांची संमती आहे हो" हे तोंडी कोणी सांगितलं तर चहा प्या आणि घरी या. इतर हक्काच्या रकान्यात कुळाचं नाव आहे का, वहिवाट कुठून आहे, हे बघा. वाटेवरून आमच्याकडे सख्खे भाऊ तीन पिढ्या बोलत नाहीत.

किनाऱ्यालगत सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) आलं. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा त्यात मोडतो, खाडीच्या काठालाही नियम आहेत. शहरी भागात आणि गावात वेगवेगळे. "जुनं घर पाडून त्याच जागी बांधू" इतकं ते सरळ नसतं. आधी नकाशा बघा, मग सूर्यास्त.

वरणभात | रविवार, दुपारी १:३०

मनापासून आभार. परत_पुण्यात, मी साठीचा, रक्तदाबाची गोळी चालू आहे, बाकी ठीक. सौ.ला मधुमेह. तुमचा मुद्दा जेवताना दोघांनी चघळला, ती गप्प झालीय.

तिरफळताई, पावसाचं लिहाच.

तिरफळ | रविवार, रात्री १०:४५

लिहिते.

मे उजाडला की आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या बेगमीची गडबड. लाकडं आत घ्यायची (गॅस असला तरी न्हाणीघराच्या चुलीला लागतातच), मसाला कुटून बरणीत, कोकम वाळवून, सुके मासे उन्हं देऊन डब्यात, कौलं शाकारून घ्यायची. कौलं शाकारणारे गडी आता मोजकेच, मेच्या पहिल्या आठवड्यात त्यांना गाठलं नाही तर जूनमध्ये बादल्या लावून बसा. पश्चिमेच्या पडवीला पूर्वी माडाच्या चुडतांच्या झापांची झड बांधत, आता निळी ताडपत्री. दिसायला भिकार, पण भिंत कोरडी राहते.

जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बहुतेक सगळा चार महिन्यांत. मुंबईत पाऊस पडतो तेव्हा लोक कामावर जातात. इथे जूनच्या शेवटी सलग लागतो तेव्हा आपण घरातल्या घरात राहायला शिकतो. मिठाला पाणी सुटतं, चपलांवर बुरशी, कपडे चार दिवस दोरीवर तरी दमट. पुस्तकं कापूर घालून ठेवा. वीज जाते, कारण तारेवर कुठेतरी माड नाहीतर आंबा पडलेला असतो. वायरमन मुलं त्या पावसात खांबावर चढतात, त्यांना मी तरी कधी बोल लावला नाही.

आणि समुद्राचा आवाज. पर्यटकाला आवडतो तो डिसेंबरातला. जुलैत तो दिवसरात्र असतो, खिडक्या बंद केल्या तरी. पहिल्या वर्षी मला झोप लागत नसे. आता माहेरी गेले की शांततेने जाग येते.

१६ मे २०२१ला तौक्ते वादळ आलं तो दिवस रविवार होता. कौलं पत्त्यांसारखी उडाली, आमच्या आवारातले माड मुळापासून गेले. नंतर कितीतरी दिवस वीज नाही, फोन नाही, पंप नाही. त्या दिवसांत विहिरीला रहाट असलेल्या घराला जे मोल आलं ते विचारू नका. आख्खी आळी एका विहिरीवर. म्हणून सांगते, पंप बसवा पण रहाट काढू नका.

रोठा_सुपारी | सोमवार, सकाळी ७:१०

मी श्रीवर्धनची. आमच्याकडे ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आलं. तिरफळ, तुमचं वाचून सगळं आठवलं.

एक भर घालते. बाहेरून आलेल्याला वाटतं वादळ म्हणजे पडलेलं घर. घर दोन वर्षांत उभं राहतं. आमची पोफळीची वाडी आडवी झाली ती आजे-सासऱ्यांनी लावलेली. पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला पाच-सहा वर्षं सहज लागतात, उंच जातीचा माड त्याहून जास्त घेतो, आणि सावली गेली की खालची जायफळं नि मिरवेलीही होरपळतात. म्हणजे एका दुपारी पुढच्या दहा वर्षांचं उत्पन्न गेलं. वाडीवर जगणारी कितीतरी घरं त्यानंतर होमस्टेकडे वळली. वरणभात, तुमचं पेन्शन आहे, तुम्हाला हे टोचणार नाही. पण शेजाऱ्याकडे बघताना एवढं ध्यानात असू द्या.

दांडीचो_दर्यो | सोमवार, रात्री ९:३०

मालवणीत लिवलंय तर अर्ध्यांका कळाचा नाय, म्हणून साध्या मराठीत लिहितो.

आम्ही गाबीत, मासेमारी करणारे. आजोबांची रापण होती. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी: होडी अर्धगोल मारत जाळं सोडते, दोन्ही टोकं किनाऱ्यावर. मग दोन्ही बाजूंना वीस-पंचवीस माणसं दोर कमरेला लावून मागे मागे सरकत ओढतात. दोन्ही रांगा हळूहळू जवळ येतात, आणि शेवटचा भाग वाळूवर आला की पाणी उकळल्यासारखं दिसतं. वाटे ठरलेले असतात, जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्याचा. आणि वाटेने जाणाऱ्या कोणीही दोराला हात लावला तर त्याच्या पिशवीत चार मासे पडणारच. मी शाळेत असताना दप्तर वाळूत टाकून ओढायला जायचो, दप्तरातून बांगडे घरी.

आता रापणी कमी. मोठ्या पर्ससीन बोटी बाहेरच थवाच्या थवा घेरून उचलतात. २०१६मध्ये सरकारने त्यांच्यावर निर्बंध आणले, पण समुद्रात गस्त घालणार कोण आणि कितीशी? त्यात रात्री एलईडी दिवे लावून मारणारे. परराज्यातल्या बोटी येतात ते वेगळंच. त्यावरून भर समुद्रात मारामाऱ्या झाल्यात. त्यामुळे माझ्या वयाची पोरं पर्यटनात गेली. मी स्वतः सकाळी जाळं आणि दहानंतर स्नॉर्कलिंगची होडी, दोन्ही करतो. लाज कसली, पैसा तिथेच आहे. जून ते ऑगस्ट तोही बंद. म्हणजे आमचं घर नऊ महिन्यांत बारा महिन्यांचं कमावतं.

आता काका, तुमच्यासाठी. सगळे तुम्हाला पावसाचं भय घालतायत. पाऊस सोसतो हो माणूस. मालवण बघायचं तर मेमध्ये बघा. बाजारपेठेचा रस्ता दोन रिक्षांचा, त्यात पुण्या-कोल्हापूरच्या गाड्या, एसटी अडकलेली, ड्रायव्हर खाली उतरून चहा पितोय. विहिरी तळाला, किनाऱ्याजवळच्या मचूळ झालेल्या, आणि शेजारच्या लॉजचा पंप रात्रभर चालू. भांडण तिथे होतं. पाणी कोणाचं, हा प्रश्न मे महिन्यात विचारतात, जुलैत नाही.

परत_पुण्यात | सोमवार, रात्री १०:०२

हे मात्र शंभर टक्के. आमच्या शेजारच्या लॉजने बोअर मारली आणि आमच्या विहिरीचं पाणी दोन वर्षांत मचूळ झालं. गोडं पाणी जास्त उपसलं की खालून समुद्राचं सरकतं. तक्रार कुठे करायची तेच शेवटपर्यंत समजलं नाही.

वरणभात | मंगळवार, सकाळी ९:००

एक विचारायचं राहिलं. माणसांचं काय? सौ. म्हणते, ठाण्यात निदान भजनी मंडळ आहे, नाटकं आहेत. तिथे संध्याकाळी सात वाजता सगळं चिडीचूप.

तिरफळ | मंगळवार, दुपारी ३:२५

सात नाही, साडेआठ. :)

चिडीचूप असतं खरं, आणि त्यामागचं कारण बरं नाही. २००१च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, २०११ला ८,४९,६५१. सगळा देश वाढत असताना आम्ही घटलो. आमच्या आळीत दर तिसरं घर कुलूपबंद. गणपतीत त्याच घरात पंचवीस माणसं, रात्रभर भजनं, अंगण भरून चपला. विसर्जन झालं की आठवड्याभरात परत कुलूप. त्या आठवड्यात मला दरवर्षी उगाच उदास वाटतं, सवय होत नाही.

पण उरलेल्या वर्षात रिकामपण नाही. दिवाळीच्या पाडव्याला रामेश्वर-नारायणाची पालखी शहरभर फिरते, आख्खं मालवण रस्त्यावर. नारळी पौर्णिमेला बंदरावर नारळ लढवायची स्पर्धा, बायकांचीसुद्धा. आंगणेवाडीची जत्रा, जिची तारीख पंचांगात नसते, देवीचा कौल घेऊन ठरते. त्यामुळे मुंबईकर चाकरमानी रजेसाठी डोळे लावून बसतात. हिवाळ्यात रात्र रात्र दशावतार, देवळासमोर चटई टाकून बघायचा. सौ.ना सांगा, भजनी मंडळं इथे पुष्कळ आहेत. आत शिरायला मात्र वेळ लागतो. पहिल्यांदा विचारतील, "तुमी खयचे? कोणाचे?" कट्ट्याचं आजोळ सांगितलं की अर्धं काम होईल, मग पुढची वीस मिनिटं कोण कोणाची मावशी ते शोधण्यात.

आणि खाजगीपण विसरा. तुम्ही कोणते मासे घेतले ते तुमच्याआधी घरी पोचलेलं असतं. मला पहिली काही वर्षं याचा भयंकर जाच झाला. नंतर सासरे घरात पडले तेव्हा मी शाळेत होते. मी पोचायच्या आत रिक्षा, डॉक्टर आणि शेजारच्या दोघी, सगळं हजर. आता जाच होत नाही असं नाही. होतो. पण बोलत नाही.

दांडीचो_दर्यो | मंगळवार, रात्री ८:४०

काका, माझं ऐका. घर घेऊ नका. आधी भाड्याने राहा, मेच्या मध्यापासून नारळी पौर्णिमेपर्यंत. दोन्ही परीक्षा एकदम. मेमध्ये पर्यटक असल्यामुळे भाडं चढं सांगतील, पण जूननंतर खोल्या रिकाम्याच असतात. तेव्हा तीन महिन्यांचं एकदम बोला, उतरतील. बाजारपेठेपासून चालत जाता येईल असं बघा, मेढा किंवा धुरीवाडा. तारकर्लीला जाऊ नका, ते फोटोला बरं.

सातबारा | मंगळवार, रात्री ९:१५

अनुमोदन. आणि भाड्याचा करार लेखी करा, घर ओळखीतलं असलं तरी. ओळखीतलं असेल तर नक्कीच करा.

वरणभात | बुधवार, सकाळी ७:५०

ठरलं. मेच्या मध्याला येतो. सौ. तयार झालीय, अट एकच: मधुमेहाच्या डॉक्टरांना आधी भेटायचं, मग घर बघायचं. मुलीला सांगितलं तर म्हणाली, "बाबा, वायफाय आहे का बघा."

घर बघताना पाण्याची परीक्षा कशी करायची? प्रयोगशाळेत देऊ का?

तिरफळ | बुधवार, सकाळी ८:३०

प्रयोगशाळेत द्याच. पण त्याआधी मालकिणीला म्हणा, तुमच्या विहिरीच्या पाण्यावर मूठभर तूरडाळ शिजवून दाखवा. पाणी जड किंवा मचूळ असेल तर डाळ कितीही शिट्ट्या काढल्या तरी नीट शिजत नाही. डाळ शिजली की मग भाड्याचं बोला.

दांडीचो_दर्यो | बुधवार, सकाळी ८:४१

वरणभात नाव घेऊन फिरतात म्हटल्यावर डाळ बघायलाच हवी! काका, आलात की दांडीवर या. रापण असली तर दोराला हात लावायचा, पिशवी घरून आणायची.